पंचगंगेचा पूर, रडारची प्रतिमा आणि तिसऱ्या वर्षाचा वर्ग

महाविद्यालयांत ‘डिजिटल अध्यापन’ या नावाखाली जे चालते, त्यातला बराचसा भाग फळ्यावर लिहायचे ते पडद्यावर दाखवण्यापुरताच असतो. मुले पूर्वी फळ्यावरचे उतरवून घेत, आता पडद्याचा फोटो काढतात. यात गैर काही नाही, पण त्यामुळे शिकवणे बदलले असे म्हणण्यात अर्थ नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका पदवी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. सुदूर संवेदन (उपग्रहांवरून जमिनीची माहिती घेणे) आणि भौगोलिक माहिती प्रणाली (ती माहिती संगणकावर नकाशात मांडणे) हे विषय माझ्याकडे असल्याने संगणकाशी संबंध टाळता येण्यासारखा नव्हताच. पण इतक्या वर्षांच्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे, की ज्या साधनामुळे कच्ची माहिती विद्यार्थ्याच्या हातात पडते आणि तिच्या आधारे त्याला स्वतःच्या गावाविषयी प्रश्न विचारता येतो, तेवढेच साधन शिकवण्याच्या कामाचे. बाकीची सोयीची असतात, आणि काही तर केवळ अहवालात लिहिण्यापुरती असतात.

हे मत कशावरून झाले ते सांगण्यासाठी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला देत असलेल्या एकाच प्रकल्पाविषयी लिहितो. तो प्रकल्प म्हणजे पंचगंगेचा पूर.

आमच्या मुलांना पूर शिकवावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते; जुलै उजाडला की घरोघरी मोबाइलवर बंधाऱ्याची पातळी पाहिली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये हीच पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीसारखी गावे पाण्यात गेली. खाली शिरोळ तालुक्यात, जिथे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे तर दोन्ही नद्यांचे पाणी एकत्र पसरले. लगेच जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. आज माझ्या वर्गात बसणारी मुले त्या वेळी शाळेत होती आणि त्यांतल्या अनेकांनी तो पूर घराच्या माडीवरून किंवा निवारा केंद्रातून पाहिला आहे. पाठ्यपुस्तकात मिसिसिपीच्या पूरमैदानाची आकृती असते. ती चांगली आहे. पण ज्याच्या गोठ्यात पाणी शिरले होते त्याला तिचे काय?

तर वर्गापुढे प्रश्न ठेवायचा तो एवढाच: २०१९ मध्ये पाणी नेमके कुठपर्यंत आले होते, हे घरबसल्या, एक पैसाही न खर्चता, उपग्रहाच्या माहितीवरून ठरवता येईल का?

मुलांच्या डोक्यात पहिल्यांदा येते ते गूगल अर्थ. गूगल अर्थ प्रो २०१५ पासून फुकट मिळते, प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवरही चालते आणि त्यातल्या जुन्या प्रतिमांच्या पट्टीवरून मागे मागे जाता येते. मुले हौसेने ऑगस्ट २०१९ शोधतात. हाती बहुधा काही लागत नाही, कारण पूर येतो तो पावसाळ्यात आणि पावसाळ्यात सह्याद्रीच्या या बाजूला आठवडेच्या आठवडे ढग हटत नाहीत. मग मी त्यांना युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची छायाचित्रे पाहायला सांगतो. ती कोणालाही विनामूल्य मिळतात, दहा मीटरचा पिक्सेल (म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब-रुंद), दर काही दिवसांनी नवीन प्रतिमा. पण पुराच्या आठवड्यातले चित्र उघडले की पडदा पांढराशुभ्र. हा पांढरा पडदा मी मुद्दाम दाखवतो. सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या संवेदकाची मर्यादा समजावण्यासाठी पूर्वी मी एक तास बोलत असे. आता तो पांढरा पडदा बोलतो आणि मुले आपणहून विचारतात, की मग ढगाखालचे दिसणार कसे.

इथे रडारचा प्रवेश होतो. सेंटिनेल-१ हा उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेला भाग मोजतो, त्यामुळे त्याला ढग आणि रात्र दोन्ही आड येत नाहीत. त्याच्या लहरींची लांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर. शांत पाण्याचा सपाट पृष्ठभाग त्या लहरी पुढच्या पुढे परावर्तित करतो, उपग्रहाकडे फारसे काही परत येत नाही आणि पाणी प्रतिमेत काळे दिसते. शेत, घरे, झाडे लहरी इकडेतिकडे विखरतात, म्हणून ती राखाडी किंवा उजळ दिसतात. एवढा सिद्धान्त अर्ध्या तासात होतो. त्यानंतर पुराआधीची एक आणि पुरातली एक अशा दोन प्रतिमा शेजारी शेजारी उघडायच्या.

त्या उघडायच्या कुठे, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. सेंटिनेल-१ ची एक प्रतिमा सुमारे एक जीबीची असते. आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांची स्मृती बेताची, इंटरनेट सकाळी दहापर्यंत बरे आणि नंतर कार्यालयीन काम सुरू झाले की मंद. वर्गातल्या प्रत्येकाने प्रतिमा उतरवून घेऊन ती क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची म्हटले, तर सगळी प्रात्यक्षिके पट्टी पुढे सरकण्याची वाट पाहण्यातच संपतील. म्हणून पहिली ओळख सेंटिनेलच्या प्रतिमा दाखवणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर करून घेतो, जिथे काहीही न उतरवता दोन तारखांची तुलना करता येते. आणि प्रत्यक्ष गणित गूगल अर्थ इंजिनवर, जिथे सारी आकडेमोड दूरच्या सर्व्हरवर होते आणि आपल्या संगणकाला फक्त उत्तर दाखवायचे असते. शैक्षणिक वापरासाठी ते विनामूल्य आहे. त्यात जावास्क्रिप्टच्या ओळी लिहाव्या लागतात आणि कला शाखेच्या मुलांना त्याची धास्ती वाटते. पण संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-स्पायडर या कार्यक्रमाने पूर-नकाशासाठी तयार लिपी, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांच्या ओळी, सर्वांसाठी खुली ठेवलेली आहे. तिच्यात तारखा आणि क्षेत्र बदलणे हे काम बारावीला मराठी माध्यमातून आलेली मुलगीही पहिल्या दिवशी करते. प्रत्येक ओळ काय करते हे तिने समजून घ्यावे असा माझा आग्रह असतो, पण स्वतः लिहिता यावी असा नसतो. साधन शिकवणे हा माझा विषय नाही, भूगोल आहे.

पहिल्या उत्तरात गंमत असते. पुरातल्या प्रतिमेत जे जे काळे, ते ते पाणी असे धरले, तर रंकाळाही पुरात जातो, कळंबा तलावही जातो आणि उजळाईवाडीच्या विमानतळाची धावपट्टीसुद्धा पाण्याखाली जाते. धावपट्टी उंचावर आहे, तिथे पूर आलेला नव्हता, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक असते. सपाट डांबरी पृष्ठभाग रडारला पाण्यासारखाच वाटतो, हे मग समजावावे लागत नाही. पश्चिमेकडे गगनबावड्याच्या बाजूला डोंगरउतारांवर काळे पट्टे दिसतात, त्या रडारच्या सावल्या, म्हणजे डोंगराआड लहरी न पोहोचलेल्या जागा. पुराआधीच्या प्रतिमेतही जे काळे होते ते वगळले, म्हणजे फक्त ‘नवे काळे’ उरते, आणि बदलाचा नकाशा दोन प्रतिमांच्या तुलनेतून का काढतात हे चुकलेल्या उत्तरातून कळते.

पण या प्रकल्पातला खरा धडा त्यापुढचा आहे, आणि तो मी योजलेला नव्हता. एका वर्षी शिरोळ तालुक्यातली एक विद्यार्थिनी आपला नकाशा घेऊन माझ्याकडे आली. नकाशा नीट होता, रंग नेटके, दिशा आणि प्रमाणपट्टी जागच्या जागी. ती म्हणाली, ‘‘सर, आमचं रान आठवडाभर पाण्यात होतं. शेजारच्यांचंही होतं. पण यात आमच्या सगळ्या शिवाराला कोरडं दाखवलंय.’’ मी तिला शिवारात त्या वेळी पीक कोणते होते ते विचारले. उत्तर अर्थातच ऊस. ऑगस्टमध्ये पूर्वहंगामी ऊस माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला असतो. पाणी त्याच्या बुंध्याशी चार फूट साचले असले, तरी रडारच्या आखूड लहरी वरच्या पानोळ्यावरूनच विखरून परततात. काही ठिकाणी तर पाणी आणि उसाचे दांडे या दोहोंवर आपटून परतलेली लहर अधिकच जोरकस असते आणि बुडालेले रान कोरड्या रानापेक्षा उजळ दिसते. ऊस पूर्ण बुडाला तरच तिथे काळे दिसणार. म्हणजे जगभर वापरली जाणारी, तज्ज्ञांनी तयार केलेली पद्धत आमच्या जिल्ह्यात नेमकी सर्वांत मोठ्या पिकाखालचे पाणी पाहू शकत नाही, आणि ते दाखवून दिले ते ज्या मुलीचे रान बुडाले होते तिने.

तेव्हापासून प्रकल्पाचा दुसरा भाग तयार झाला. उपग्रह जे सांगतो ते गावात जाऊन तपासायचे. त्यासाठी आम्ही कोबोटूलबॉक्स वापरतो. मदतकार्य करणाऱ्या संस्थांसाठी हे साधन तयार झाले, ते फुकट आहे, त्यात प्रश्नावली पूर्णपणे मराठीत करता येते आणि मोबाइलवरचे त्याचे अ‍ॅप रेंज नसतानाही चालते. माहिती फोनमध्ये साठते आणि रेंज आली की वर चढते. नदीकाठच्या गावांत ही शेवटची सोय फार मोलाची. प्रश्नावली छोटी ठेवतो. घर किंवा रान कुठे आहे, पाणी कितीपर्यंत आले, ते कशावरून सांगता, भिंतीवर खूण आहे का, असेल तर जोत्यापासून ती किती उंच, आणि फोटो. फोटोत माणूस येऊ द्यायचा नाही आणि घरमालकाला विचारल्याशिवाय काही टिपायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगतो. पूरग्रस्त घरांत इतक्या लोकांनी इतक्या वेळा येऊन फोटो काढले आहेत की लोक वैतागलेले असतात. आपण पंचनाम्याला आलेलो नाही, यातून भरपाई मिळणार नाही, हेही मुलांनी आधी स्पष्ट सांगावे लागते.

भिंतीवरच्या खुणांतून जे निघते ते मला अजूनही उपग्रहाच्या चित्रापेक्षा अधिक आवडते. पुराचे पाणी गावात स्थिरावले की त्याची पातळी गावभर जवळपास एकच असते. मग एका घरात चार फूट पाणी आणि मागच्या गल्लीत सात फूट पाणी असेल, तर त्या दोन जागांच्या उंचीत तीन फुटांचा फरक आहे, हे कुठलेही यंत्र न लावता कळते. पुराने स्वतःच सगळ्या गावाचे तलेक्षण, म्हणजे उंच-सखल मोजणी, करून ठेवलेले असते. आपण फक्त आकडे गोळा करायचे. ते आकडे क्यूजीआयएसमध्ये मांडले की गावातला खोलगट भाग कुठला आणि उंचवटा कुठला हे उमटते. अनेकदा त्या उंचवट्यावरच जुने गावठाण आणि देऊळ निघते व खोलगट भागात गेल्या काही दशकांतली वस्ती. आकडे कुठे जुळले नाहीत तर विभागातली उंची मोजण्याची डंपी लेव्हल घेऊन जातो. ती पितळी दुर्बीण बाहेर काढली की गावातली म्हातारी माणसे हटकून जवळ येतात आणि रस्ता होणार का म्हणून विचारतात.

मोबाइलच्या जीपीएसची उंची का घेत नाही, असे मुले विचारतात. फोनचे आडवे स्थान काही मीटरच्या आत बरोबर असते. उंची मात्र याहून बरीच चुकते. तोच प्रकार उपग्रहीय उंचीच्या माहितीचा. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानाने अकरा दिवसांत जगाचा बहुतांश भूभाग रडारने मोजला. ती तीस मीटरच्या पिक्सेलची माहिती आज कोणीही उतरवून घेऊ शकतो आणि इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट-१ वरून केलेले उंचीचे प्रतिमानही मिळते. सह्याद्रीचे उतार, पाणलोट, नद्यांचे जाळे यांसाठी दोन्ही उत्तम. पण इशारा पातळी आणि धोका पातळी यांत फरक चार फुटांचा, आणि धोका पातळीपासून २०१९ च्या पाण्यापर्यंतचा फरक तेरा फुटांच्या आत, म्हणजे चार मीटरही नाही. या प्रतिमानांतली चूकच काही मीटरची असते, त्यात ते झाडांचा आणि घरांचा माथा जमीन समजून मोजतात. तेव्हा कोणी या माहितीवरून ‘तुमचे घर पुरात जाईल की नाही’ हे सांगणारा झकपक नकाशा केला, तर त्यावर विश्वास किती ठेवायचा, हे माझ्या विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा प्रत्यक्ष मोजणीवरून आखाव्या लागतात त्या यासाठीच. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दोन वर्षांच्या अंतराने दोन महापूर पाहिलेल्या मुलांना समजावणे हे संभाव्यतेच्या पुस्तकापेक्षा कठीण काम आहे. दरवर्षी एक टक्का शक्यता, असे म्हणून पाहतो. निम्म्यांना पटते.

पूर का आला, यावर तर वर्गात भांडणच होते. निम्मा वर्ग अलमट्टीचे नाव घेतो. कर्नाटकातल्या त्या धरणात ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवले जाते आणि त्याच्या फुगवट्यामुळे कृष्णेचे पाणी मागे थोपते, हे गावोगाव ऐकायला मिळते. २०१९ नंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला पुराचे कारण मानले नाही, आणि तो निष्कर्ष सर्वांनी स्वीकारला असेही झालेले नाही. मी वर्गात निकाल देत नाही. त्याऐवजी कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरची मंडलनिहाय पावसाची आकडेवारी, इंडिया-डब्ल्यूआरआयएस या केंद्राच्या जलविषयक संकेतस्थळावरील नदीपातळीच्या नोंदी आणि केंद्रीय जल आयोगाची जलाशयांची साप्ताहिक पत्रके मुलांपुढे ठेवतो आणि एकाच आलेखावर मांडायला सांगतो. गगनबावडा आणि राधानगरीकडे पाऊस कधी झाला, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडले, बंधाऱ्यावर पाणी किती तासांनी चढले, त्या वेळी अलमट्टीत किती साठा होता. आलेख स्प्रेडशीटवर होतो, त्यासाठी वेगळे काही लागत नाही. मत बदलतेच असे नाही. पण ज्याने हा आलेख काढला तो नंतर बोलताना तारीख आणि आकडा घेऊन बोलतो, आणि चहाच्या टपरीवरच्या चर्चेत एवढा फरक पुरेसा आहे.

जुन्या काळाची बाजू ग्रंथालयातून येते, म्हणजे आता तीही पडद्यावरून. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरचा खंड १८८६ चा. तो ग्रंथालयाच्या कपाटातही आहे, पण त्याची पाने हात लावला की सुटतात. तोच आता राज्याच्या दर्शनिका विभागामुळे संगणकावर वाचता येतो. मराठी विश्वकोश सगळाच्या सगळा विनामूल्य उघडा आहे आणि परिभाषेसाठी मी मुलांना प्रथम तिकडेच पाठवतो, कारण त्यांना परीक्षेत मराठीत लिहायचे असते आणि साधनांची मदतपाने तर सगळी इंग्रजीत. ही दरी कोणतेही भाषांतराचे यंत्र अजून पूर्ण भरून काढत नाही. यंत्राने केलेल्या भाषांतरात नदीचा ‘बँक’ कधी पैशाची होईल सांगता येत नाही.

म्हणून मी एक काम स्वतः केले: कुठली कळ दाबायची, कुठे काय भरायचे, हे दाखवणाऱ्या छोट्या ध्वनिचित्रफिती मराठीत तयार केल्या. ओबीएस स्टुडिओ हे पडदा टिपणारे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि पन्नास-साठ रुपयांत न मिळणारा, पण फार महागही नसलेला कॉलरचा माइक, एवढेच साहित्य. टाळेबंदीच्या काळात मार्च २०२० पासून आम्ही सर्वांनीच व्याख्याने ध्वनिमुद्रित केली. ती आता कोणी उघडून पाहत नाही, आणि पाहावीत असे मला वाटतही नाही. तासाभराचे व्याख्यान समोर माणूस असला तरच सहन होते. कृती दाखवणाऱ्या सात-आठ मिनिटांच्या फिती मात्र मुले थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहतात, प्रात्यक्षिकाच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर मोबाइल उभा करून. त्यामुळे ‘सर, इथं अडलंय’ अशी हाक कमी झाली आणि जी येते ती खऱ्या अडचणीची असते.

या फिती पोहोचवायच्या कशा, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून. विद्यापीठीय अध्यापनासाठी मूडल हे उत्तम खुले साधन आहे, त्यात मराठीही आहे, मी ते काही काळ वापरले. गूगल क्लासरूमही वापरतो, कारण गृहपाठ तारीखवार एका जागी राहतो. पण संध्याकाळी शेतावर गेलेला, पहाटे दूध घालायला जाणारा विद्यार्थी जे उघडतो ते व्हॉट्सअ‍ॅप, आणि सूचना तिथे नसेल तर ती दिलेलीच नाही असे समजावे. वर्गातल्या सगळ्यांत साध्या फोनवर जे उघडत नाही ते पाठवायचे नाही, एवढा नियम मी पाळतो. त्यामुळे फिती कमी दर्जाच्या पण हलक्या, पीडीएफ पाच एमबीच्या आतल्या आणि अक्षर मोठे.

स्वयम्‌विषयी सहकारी नेहमी विचारतात. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर भूगोलाचे आणि सुदूर संवेदनाचे चांगले अभ्यासक्रम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत त्यांतून वीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा दिली होती, ती २०२१ मध्ये चाळीस टक्क्यांपर्यंत वाढवली. माझा अनुभव असा, की नावे उत्साहाने नोंदवली जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळती सुरू होते, कारण इंग्रजीतले व्याख्यान एकट्याने ऐकणे हे पदवीच्या विद्यार्थ्याला जड जाते. त्याऐवजी मी देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्ग सुचवतो. २००७ पासून चाललेला हा उपक्रम विनामूल्य आहे आणि आम्ही ते व्याख्यान वर्गात एकत्र बसून ऐकतो; मी मधे थांबवून मराठीत दोन वाक्ये बोलतो आणि पुढे जातो. एकत्र बसल्याने जे टिकते ते एकट्याच्या मोबाइलवर टिकत नाही. शिक्षकांनी मात्र स्वयम्‌वरचे अभ्यासक्रम स्वतःसाठी अवश्य करावेत.

चॅटजीपीटीचा विषय निघतोच. ‘पुराची कारणे आणि उपाय’ असा निबंध घरी लिहायला दिला, तर एकाच साच्यातले, जंगलतोडीपासून जनजागृतीपर्यंत सगळे मुद्दे असलेले आणि पंचगंगेशी काहीही देणेघेणे नसलेले निबंध येतात. ते पकडण्याचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे असे आमच्याकडे एकदा सुचवले गेले. मी विषयच बदलला. आता प्रत्येकाने आपल्या गावातल्या किमान काही घरांच्या खुणा, आपला नकाशा, आणि दोन्ही जुळत नाहीत तिथे ते का जुळत नाहीत याचे स्पष्टीकरण लिहायचे असते. हे स्पष्टीकरण लिहिताना कोणी यंत्राची मदत घेतली तरी माझी हरकत नाही, कारण त्याच्या शेजारच्या गल्लीत सात फूट पाणी का होते ते यंत्राला ठाऊक नसते. संकेतलिपीत चूक निघाली की ती यंत्राला विचारून दुरुस्त करणारी मुले आहेत, आणि त्यांना मी अडवत नाही.

जागेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. शैक्षणिक संस्थांना गूगलकडून पूर्वी अमर्याद साठवण मिळत असे. २०२२ पासून ती संपूर्ण संस्थेसाठी मिळून शंभर टेराबाइट झाली, आणि संस्थेने मग प्रत्येकाच्या वाट्याला मर्यादा घातली. खात्याचा पासवर्ड एका सहकाऱ्याकडे, ते निवृत्त झाले की फाइली कोणाच्या, हे कुणी ठरवलेले नसते. गावोगावच्या खुणांची आमची माहिती आता दोन ठिकाणी ठेवतो: विभागाच्या संगणकावर आणि एका बाह्य डिस्कवर, तीही सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या स्वरूपात, जी पुढच्या वीस वर्षांत कोणत्याही सॉफ्टवेअरने उघडेल. फोटोंची नावे गावानुसार आणि वर्षानुसार. हे कंटाळवाणे काम असते, पण चार तुकड्यांनी गोळा केलेली माहिती पाचव्या तुकडीला वापरता येते ती त्यामुळेच.

आणि प्रात्यक्षिक परीक्षा अजून जर्नलवर, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वहीवर होते. बहिःस्थ परीक्षक हाताने काढलेला, शाईने रंगवलेला नकाशा पाहतात, छापील प्रत फार तर मागच्या बाजूला चिकटवायची. याबद्दल मी पूर्वी कुरकुर करत असे. अलीकडे मुलांना पुराचा अंतिम नकाशा ट्रेसिंग कागदावर हाताने काढायला लावतो, भिंतीवरच्या खुणांचे आकडे त्यावर लिहून. हाताने रेषा ओढताना कुठली रेषा आपल्याला खरोखर माहीत आहे आणि कुठली संगणकाने जोडली आहे, हे ठरवावेच लागते. ज्या ठिकाणी खात्री नाही तिथे तुटक रेषा. यंदाच्या जर्नलांत शिरोळ तालुक्यातल्या गावांच्या नकाशांवर उसाच्या शिवारांभोवती सगळीकडे तुटक रेषा आहेत, आणि बहिःस्थ परीक्षकांनी तोंडी परीक्षेत नेमके त्याविषयीच विचारले.